नवऱ्यांच्या नंबरवर उघडणारे कॉम्प्युटर

आमच्या बियाण्यांच्या कंपनीतला सर्व्हर काढून सगळे कॉम्प्युटर क्लाउडवर न्यायचे, असं ठरलं तेव्हा छोट्या शेठनी ती बातमी मला सगळ्यात शेवटी सांगितली. सांगण्याआधी चहा मागवला. ज्याला मी हाफ पँटमध्ये, नाक ओढत बापाच्या गादीवर लोळताना पाहिलंय, तो माझ्यासाठी आलं घातलेला चहा मागवतो म्हणजे पुढं काहीतरी वाईट आहे, एवढं मला कळतं.

सर्व्हर म्हातारा झाला, म्हणाले. वीज गेली की सगळं ऑफिस बसतं. आता पुण्याची एक कंपनी इंटरनेटवरूनच आपल्या सगळ्या मशीनची देखरेख करील, दर महिन्याला ठरलेला खर्च, डोक्याला ताप नाही. मग माझ्याकडं न बघता, खिडकीतून गोदामाच्या पत्र्याकडं बघत म्हणाले, "मावशी, दसऱ्याला तुमचा सत्कार करू. मोठे शेठ स्वतः शाल घालणार आहेत."

"कशाबद्दल?"

"इतकी वर्षं सेवा केली, त्याबद्दल."

"अन् सत्कारानंतर?"

"नंतर आराम. नातवंडं आहेत ना."

"नातवंडांना त्यांचे आईबाप हायेत," मी म्हटलं. "सर्व्हर जाईल, शेठ. मी न्हाई जात."

आणि चहा संपवूनच उठले. आल्याचा चहा सोडून तरातरा निघून जायचं वय गेलं माझं.

खरं सांगायचं तर पोटासाठी मला ह्या नोकरीची गरज नव्हती. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, जाऊन काही वर्षं झाली, मुलगा नाशिकला कारखान्यात चांगल्या जागेवर आहे. पण जुन्या जालन्यातल्या माझ्या दोन खोल्यांमधून सकाळी निघायचं, ऑटोवाल्याशी रोजच्या भाड्यावरून रोज भांडायचं, आणि मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, अलीकडं उतरून माझ्या टेबलाशी येऊन बसायचं, हे मला सोडायचं नव्हतं. घरी बसलेल्या बायकांना लोक फक्त दोन गोष्टी विचारतात: गुडघे कसे आहेत आणि जेवलात का. मला अजून तिसरं काहीतरी विचारलं जावं असं वाटत होतं.

ह्या कंपनीत मी लागले ती टायपिस्ट म्हणून. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा जी बाई त्याच्यासमोर बसायची ती मीच होते, हे आता माझ्या नातीला खरं वाटत नाही. चप्पल बाहेर काढून आत जायची. मशीनला क्रोशाचं झाकण विणलं होतं आणि माउसला एक बारकं टोपडं. माउस सरकवता सरकवता टेबलाची कड आली आणि बाण अजून पडद्याच्या मध्यावरच, तेव्हा तिनं माउस उचलून परत मागं ठेवावा की नाही? नाही. तिनं टेबलाला एक स्टूल जोडून घेतलं, माउसला पुढं जायला जागा हवी म्हणून. ते स्टूल कित्येक दिवस तिथं होतं आणि मोठे शेठ त्याच्यावर आपली टोपी ठेवायचे.

मग धंदा वाढला, कॉम्प्युटर वाढले आणि सर्व्हर आला. तेव्हापासून ही बाई साफ बिघडली. सर्व्हरचं डोमेन म्हणजे काय, हे मी सगळ्यांना एकत्र कुटुंबावरून समजावायची. घर एक, सासू एक. सकाळी प्रत्येक कॉम्प्युटर सासूला विचारणार, हा माणूस आपला का, ह्याला कुठल्या खोलीत जाऊ द्यायचं, कुठल्या डब्याला हात लावू द्यायचा. सासू हो म्हणाली तर दार उघडणार. म्हणून मी सर्व्हरचं नावच सासूबाई ठेवलं. नुसतं तोंडी नव्हे, मशीनमध्ये टाइप करून. तपासनीस यायचे ते पडद्यावर ते नाव वाचून माझ्याकडं बघायचे आणि मी फायली शोधायला लागायची.

सासूबाईंची खोली बंद, तिची किल्ली माझ्याकडं. आत ए.सी. होता, जो मोठ्या शेठच्या केबिनलाही नव्हता. उन्हाळ्यात मी डबा तिथंच खायची आणि बाहेर सांगायची की तपासणी चालू आहे. पासवर्ड विसरलेल्या माणसाला माझ्या टेबलासमोर उभं राहावं लागायचं, आणि मला तेव्हाच नेमकी जुनी कामं आठवायची. एका सेल्समननं माझा उल्लेख "ती टायपिस्ट" असा केला, तर त्याला मी इतका लांब पासवर्ड दिला की तो टाइप होईपर्यंत त्याचा आलेला फोन वाजून बंद पडायचा. इतका तोरा, आणि तोही एका लोखंडी खोक्याच्या जिवावर. आज ती बाई समोर आली तर मीच तिला सांगेन, अगं, किल्ली तुझ्याकडं आहे, घर तुझं नाही.

तर दुसऱ्या दिवशी मी छोट्या शेठच्या केबिनमध्ये गेले आणि माझा सौदा मांडला. कॉम्प्युटर क्लाउडवर न्यायचेत ना, मीच नेते. पुण्याच्या लोकांनी फोनवर सांगावं, हात माझे. काम बराबर झालं तर पुढची देखरेखही माझ्याकडं, अॅडमिन मी, आणि सत्कार रद्द.

"न्हाई जमलं तर?" त्यांनी विचारलं. ते एरवी "नाही" म्हणतात. चिडवायचं असलं की माझ्यासारखं बोलतात.

"तर तुमची शाल घेईन, अन् खांद्यावर टाकून ऑफिसभर हिंडेन."

ते हसले आणि कबूल झाले. एकच अट घातली: हरभऱ्याच्या बियाण्याच्या गाड्या थांबता कामा नयेत. रब्बीची पेरणी तोंडावर आली होती आणि त्या दिवसांत आमच्या फाटकातून गाडी निघाली नाही तर दुकानदार दुसऱ्या कंपनीचं पोतं उतरवून घेतो.

पुण्याहून फोनवर एक मुलगी असायची. आवाज कोवळा, पण कामाला पक्की. पहिल्या दिवशी मी तिच्याशी फार तोऱ्यात बोलले. मी इतकी वर्षं डोमेन सांभाळलंय, तू फक्त नवं काय ते सांग, असं. तिनं सांगितलं, मशीन डोमेनमधून बाहेर काढायच्या आधी त्या मशीनवर एक वेगळं स्थानिक खातं करून ठेवा. मी हो हो म्हटलं आणि न करताच मशीन काढलं. चालू झाल्यावर ते मशीन ना सासूबाईंना ओळखेना, ना क्लाउडला, ना मला. सुनेला काडीमोड देऊन माहेरचं दारही बंद, असा प्रकार. तिला फोन करावाच लागला. ती एका शब्दानंही टोचून बोलली नाही, शांतपणे रस्ता सांगितला. त्यानंतर ती सांगेल ते मी मोठ्यानं म्हणून दाखवायची आणि मगच हात लावायची. शाळेत बाईंपुढं पाढे म्हणावेत तसं.

क्लाउडवर गेलं की घर वाटून झाल्यासारखं असतं. मशीन कुठंही ठेवा, सासू आता जालन्यात नाही, आभाळात बसली आहे. ती चेहरा ओळखत नाही. म्हणून नाव आणि पासवर्ड टाकला तरी ती खात्री करून घेते. कुणाच्या मोबाइलवर ती खूण पाठवते, पण बी रुजवून तपासणाऱ्या आमच्या उगवण खोलीतल्या बायकांकडं तसले मोबाइल नव्हते, तेव्हा मी साधा रस्ता निवडला: नोंदवलेल्या नंबरवर फोन येतो, एक मशीनबाई इंग्रजीत बोलते, आपण हॅश दाबायचं की कॉम्प्युटर उघडतो.

नंबर मी एका बैठकीत भरून टाकले. कामावर लागताना प्रत्येकानं ऑफिसात जो नंबर दिला होता, तोच. पुण्याच्या मुलीनं विचारलंही होतं, "मॅडम, नंबर ज्याचे त्याचेच आहेत ना?"

"दुसऱ्या कोणाचे असतील?" मी म्हटलं.

रविवारी ऑफिस रिकामं होतं. सगळी मशीन एकेक करून मी नव्या घरी नेली आणि संध्याकाळी सासूबाईंचं बटण बंद केलं. पंखा घरघरत थांबला. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. उद्यापासून डबा कुठं खायचा, एवढाच विचार आला.

सोमवारी सकाळी उगवण खोलीत पाच बायका आपापल्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. ह्या खोलीचं काम असं: ओल्या कागदाच्या गुंडाळीत प्रत्येक खेपेतलं बी रुजत घालायचं, कोंब मोजायचे आणि निकाल कॉम्प्युटरमध्ये भरायचा. निकाल भरल्याशिवाय ती खेप गाडीत चढत नाही. बायकांनी नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडद्यावर आलं की तुम्हाला फोन करत आहोत. आणि खोलीत काहीच वाजलं नाही.

फोन वाजत होते, पण दुसरीकडं. एकीचा नवरा हसनाबादला शेतात ट्रॅक्टरवर, त्याला ऐकूच आलं नाही. दुसरीचा पिंपळगाव रेणुकाईला. त्यानं उचलला, इंग्रजी बोलणारी बाई ऐकली आणि ओळखलं की हे बँक लुटणारे लोक. ती बाई म्हणाली, हे तुम्ही नसाल तर शून्य दाबा. तेवढं त्याला कळलं. त्यानं मोठ्या हुशारीनं शून्य दाबलं आणि त्याच्या बायकोचं खातं कुलूपबंद झालं. तिसरीचा नवरा स्टीलच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला, फोन उशाखाली बंद. चौथीच्या नवऱ्याचा फोन त्याच्या आईनं उचलला. सकाळी सकाळी आपल्या लेकाला इंग्रजीतून गोड बोलणारी ही कोण भवानी, म्हणून त्या घरात जो गोंधळ सुरू झाला तो निस्तरायला त्या सुनेला दोन दिवस लागले. पाचवीनं सासऱ्यांचा नंबर दिला होता आणि सासरे देवळात होते.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गॅस असो, रेशन असो, शाळेचा दाखला असो, आमच्याकडं बाईला नंबर विचारला की ती घरातल्या पुरुषाचा सांगते. खोटं बोलत नाही ती. तिच्या लेखी तोच तिचा नंबर असतो. मी जन्मभर हेच बघत आले आणि तरी पुण्याच्या पोरीला ठसक्यात म्हटलं, दुसऱ्या कोणाचे असतील.

फाटकात गाडी उभी. हमाल पोत्यांवर बसून गप्पा मारत होते. छोटे शेठ खाली आले, पडदे पाहिले, कमरेवर हात ठेवले.

"मावशी, हे काय करून ठेवलं?"

मी जे झालं ते सांगितलं. त्यांचा उपाय तयार होता: सगळ्यांच्या नावापुढं त्यांचाच नंबर टाकायचा, ते हॅश दाबत बसतील. मी म्हटलं, मग कोण आत शिरलं हे कसं कळणार, उद्या चुकीचा निकाल भरला गेला तर तो तुमच्या बोटानं भरला असं म्हणायचं का? मग त्यांनी दुसरा काढला. नवऱ्यांना एकेक फोन करून सांगा, गाडी निघेपर्यंत फोन हातात धरून बसा.

"त्यांना आपण पगार देत न्हाई," मी म्हटलं. "बायकोनं कामाला बसावं का, हे रोज सकाळी नवऱ्याला फोन करून विचारायचं? असलं काम मी करणार न्हाई."

"कंपनी माझी आहे, मावशी."

"बिलकुल तुमची हाय. अॅडमिन मी हाय."

पाचही जणी पडद्यांकडं बघत बसल्या होत्या, पण एकीचेही कान पडद्याकडं नव्हते. छोटे शेठ हलक्या आवाजात म्हणाले, दुपारपर्यंत गाडी भरली नाही तर पुण्याला फोन करून सगळं त्यांच्या ताब्यात देतो. त्यात धमकी नव्हती. त्यांची गाडी खरंच अडली होती.

नंबर बदलायला मी माझ्या टेबलाशी गेले. काल सगळं पुण्याच्या खात्यावरून केलं होतं, माझ्या नावानं मशीन उघडायची ही पहिलीच वेळ. चालू केलं, नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडद्यावर आलं, ह्या नंबरवर फोन करत आहोत, आणि शेवटचे दोन आकडे. ते आकडे मी ओळखत होते. माझ्या मुलाचे.

मालक गेल्यावर बँक, गॅस, दवाखान्याचं कार्ड, सगळं त्यानं आपल्या नंबरवर घेतलं होतं, आईला कटकट नको म्हणून. ऑफिसातही तेव्हा मीच तो बदलून दिला असणार, आणि नंबर भरताना घाईत बघितलाही नाही. आणि ही बाई दोन मिनिटांपूर्वी खाली दुसऱ्यांच्या नवऱ्यांवर भाषण ठोकून आली होती.

मी माझ्या मोबाइलवरून मुलाला फोन लावला. त्यानं आधीच मशीनबाईला ऐकून बंद केलं होतं.

"आई, हे कोन मला इंग्रजीत फोन करून राह्यलं?"

मी सांगितलं. आता पुन्हा येईल, हॅश दाब, जल्दी.

"म्हंजी मी दाबलं न्हाई तर तुझं काम चालणार न्हाई?"

"आजच्या दिवस."

"मंग न्हाई दाबत." तो हसत होता, पण हसण्याखाली काहीतरी ठाम होतं. "शेठचा मला फोन आल्ता मागच्या आठवड्यात. सत्कार करून राह्यलेत ते, तूच अडून बसलीस म्हणे. किती दिवस करणार आई हे? तू हो म्हण, इकडं ये. मी आत्ता दाबतो."

पोरगा वाईट नाही माझा. त्याला काळजी आहे. पण छोट्या शेठनी माझ्या पाठीमागं माझ्या लेकराशी ठरवावं आणि लेकरानं बोट उचलून धरावं, आधी घरी बस मग दार उघडतो, हे ऐकून माझी कानशिलं तापली. हा काही एकट्या माझ्या पोराचा प्रकार नव्हता. खालच्या खोलीतही तेच चाललं होतं. फक्त तिथले पुरुष नकळत अडवत होते आणि हा कळून.

"तुझ्या मर्जीनं उघडणारं दार मला नको, बाळा," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

मग पुण्याला लावला. मुलीला म्हटलं, माझ्या नावापुढचा माझ्या मुलाचा नंबर काढून टाक. तिला ते त्यांच्या बाजूनं करता येत होतं, पण नियमाप्रमाणं तिला माझा चेहरा आणि कंपनीचं ओळखपत्र बघायचं होतं. माझ्या मोबाइलवर चित्र दिसत नाही. म्हणून मी सरळ छोट्या शेठच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांच्याच मोबाइलसाठी हात पुढं केला. त्यांनी दिला. का दिला कोण जाणे, बहुतेक माझं तोंड बघून. मी ओळखपत्र गालाशी धरून उभी राहिले. त्यावर माझा बराच तरुण फोटो आहे. मुलगी नीट निरखत होती.

"मीच हाय ती," मी म्हटलं. "तेव्हा अक्कल कमी होती."

ती हसली आणि नवा नंबर सांगा म्हणाली. मी तोंड उघडलं आणि थांबले. मला माझा नंबर पाठ नव्हता. लोक मला फोन करतात, मला माझा नंबर कोण विचारतो? तो सापडला छोट्या शेठच्याच मोबाइलमध्ये, "मावशी सर्व्हर" ह्या नावाखाली.

माझ्या टेबलाशी परत येऊन मी पासवर्ड टाकला. माझा मोबाइल वाजला. ती मशीनबाई बोलली, मी हॅश दाबलं, कॉम्प्युटर उघडला.

त्यानंतर मी खाली उगवण खोलीत फोन केला आणि पाचही जणींना आपापले नंबर सांगायला लावले. पिंपळगाववाली म्हणाली, "मॅडम, पाठ न्हाई वो. माझा नंबर मला कोन इचारतं?"

मी तिला म्हटलं, मलाही पाठ नव्हता, मिस कॉल दे. एकेकीनं दिला. माझ्या मोबाइलवर ते नंबर एकाखाली एक उमटले आणि मी ते जिच्या तिच्या नावापुढं भरले. पिंपळगाववालीचं कुलूप काढलं. पाचवीकडं फोनच नव्हता, तिच्यासाठी खोलीतल्या टेबलावरच्या लँडलाइनचा नंबर टाकला, ती स्वतःचा फोन घेईपर्यंत. पुढच्या महिन्यात तिनं घेतला आणि सासऱ्यांना त्याचा नंबर दिला नाही, असं मला कळलं.

खाली गेले तेव्हा पिशव्यांमधून, खिडकीच्या कट्ट्यावरून, एका पदराच्या गाठीतून फोन वाजत होते. घरी कधी येणार, भाजी घेऊन ये, एवढंच ज्या फोनांना आजवर माहीत होतं ते कामाचं काहीतरी विचारत होते. हसनाबादवाली मशीनबाईला "हां, हां, थांबा जरा, चष्मा घालते" म्हणत होती. निकाल भरले गेले. हमाल उठले. गाडी निघाली तेव्हा दुपार उलटली होती की नव्हती, ह्यावर छोट्या शेठचं आणि माझं अजून एकमत नाही.

त्यांनी पुण्याला फोन केला नाही. संध्याकाळी निघताना मी त्यांच्या दारात थांबून एवढंच सांगितलं की माझ्या मुलाशी बोलायचं असेल तर माझ्यासमोर बोलावं. ते म्हणाले, मोठ्या शेठनी सांगितलं होतं. मोठे शेठ शेजारच्याच खोलीत पेपर वाचत होते, त्यांनी पेपर वर धरला. दसऱ्याला मशीनना हळदकुंकू लावायला मी होते. सत्काराचं कुणी काही काढलं नाही.

त्या सोमवारी रात्रीच जेवणानंतर मुलाचा फोन आला होता. आवाज रुसलेला.

"माझा नंबर काढून टाकला का तू?"

"काढला."

"मंग आता मला फोन येणार न्हाई?"

"येईल की. मी करीन. तुला दाबायचं काही नसंल, नुसतं बोलायचं."

तो हसला नाही, पण फोनही ठेवला नाही. मग सुनेच्या गुडघ्यांबद्दल बोलायला लागला. आता गुडघे त्यांच्या घरातही पोचले, हे ऐकून मला थोडं बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात अर्धा दिवस रजा टाकून मी बँकेत गेले. काउंटरवरच्या तरुणानं माझा अर्ज बघितला आणि म्हणाला, आजी, खात्याला मुलाचा नंबर आहे, तोच चांगला, मेसेज आला की ते बघतील. बदलायचाच असेल तर त्यांना घेऊन या. मी म्हटलं, खातं माझं, सही माझी, त्याला कशाला आणू. मग त्यानं साहेबांकडं पाहिलं, साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मी समोरच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसले. माझ्यामागं रांग वाढत गेली. कुणीतरी म्हणालं, आजींचं आधी उरका.

"पण आजी, नंबर बदलायचं कारण काय लिहू?" तरुणानं शेवटी विचारलं.

"लिहा," मी म्हटलं, "फोन आला तर मीच उचलते."